छबूताई आणि कोरं मशीन

छबूताई मेटकरींना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या ऑफिसच्या जिन्यात. पायरीवर बसून त्या बुटाची नाडी बांधत होत्या. साधी पिवळट साडी, खांद्याला कापडी पिशवी आणि पायांत पांढरे, पळायचे बूट. जिना अरुंद. दुसरं कुणी असतं तर अंग चोरून बाजूला झालं असतं. या बाईंनी मान वर न करताच सांगितलं, "थांबा की वाईच. गाठ बसूंद्या."

मी थांबलो. गाठ बसली, त्यांनी ती ओढून पाहिली, उठल्या आणि माझ्या आधी वर गेल्या. साळुंखे साहेबांनी फोन घ्यायला म्हणून नव्यानं नेमलेल्या बाई त्या ह्याच, हे मला वर गेल्यावर कळलं.

साळुंखे साहेब म्हणजे आमचे मालक. सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला, एका चष्म्याच्या दुकानावर आमचं ऑफिस. आम्ही आठ माणसं. सातारा-सांगलीकडच्या लहान रक्तपेढ्या आणि दवाखाने यांच्यासाठी आम्ही सॉफ्टवेअर करायचो. कुठल्या पेढीत कुठल्या गटाच्या किती पिशव्या आहेत, कुठली कधी बाद होणार, हे आसपासच्या दवाखान्यांना स्क्रीनवर दिसायचं. मी तिथला सगळ्यात जुना प्रोग्रामर. मूळ कडेगावचा, घरी ऊस, पण मला उसात कधी गोडी वाटली नाही. नऊ वर्षं मी त्याच खुर्चीत बसत होतो आणि त्या खुर्चीचा मला गर्व होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

गर्वाचं कारण असं. नवा माणूस कामाला आला, की त्याच्या लॅपटॉपवर आमचा प्रोग्राम चालू करायलाच त्याचा आठवडा जायचा. डेटाबेस अमुकच आवृत्तीचा लागायचा, भाषा तमुकच आवृत्तीची, वर चारपाच सेटिंगच्या फायली. एखादी गोष्ट जरा इकडची तिकडं झाली, की स्क्रीनवर लाल अक्षरांचा पूर. हे सगळं कुठं लिहिलेलं नव्हतं. ते माझ्या डोक्यात होतं. नवी मुलं लॅपटॉप काखेत मारून माझ्या टेबलाशी उभी राहायची, "सर, जरा बघता का?" मी चहा संपवायचो, मग बघायचो.

छबूताईंचं काम फोन घेण्याचं. पेढीतून तक्रार आली की लिहून घ्यायची आणि आमच्यापैकी कुणालातरी द्यायची. आठवडाभर त्यांनी तेच केलं. मग एका सकाळी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "सर, माझ्या मशीनवर तो प्रोग्राम घालून द्या."

"तुम्हाला कशाला?"

"फोनवरचा माणूस म्हंतो, हितलं बटण दिसंना. मला बटणच म्हाईत न्हाई. मी त्याला काय सांगू?"

म्हणणं बरोबर होतं. मी म्हणालो, दुपारी येऊन घालून देतो. त्या म्हणाल्या, "न्हाई, तुमी सांगा, मी घालते." आणि खुर्ची ओढून शेजारी बसल्या. पिशवीतून दोनशे पानी वही काढली.

मी भराभर सांगत सुटलो. त्या लिहीत होत्या आणि दर मिनिटाला पेन उचलत होत्या. "सावकाश. परत." सहाव्या की सातव्या पायरीला माझ्या मशीनवर जे चालत होतं ते त्यांच्या मशीनवर चालेना. त्यांनी दोन्ही स्क्रीन शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. माझ्याकडं एक फाईल होती, त्यांच्याकडं नव्हती.

"ही कुटनं आली?"

"असतेच ती."

"असतेच म्हंजे? माझ्याकडं न्हाई की."

मला खरंच सांगता येईना. कधीतरी, कुठल्यातरी गडबडीत, मीच ती तिथं टाकली असणार आणि विसरलो असणार. आमचा सगळा प्रोग्राम त्या फायलीच्या जिवावर उभा होता आणि ती कुठून आली हे तिच्या कर्त्यालाही ठाऊक नव्हतं. छबूताईंनी वहीत लिहिलं, 'ही फाईल कुठून येते ते सरांना माहीत नाही.' मी म्हणालो, हे काय लिहिता? त्या म्हणाल्या, "खरं हाय ते."

बाई मूळच्या आटपाडीच्या पलीकडच्या. वडील मेंढरं राखायचे. शिक्षण बारावी. लग्न झालं ते गलाईच्या कामातल्या माणसाशी. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं हे काम. आटपाडी-विट्याकडची घरटी एखादा माणूस त्यासाठी परमुलखात असतो. छबूताई बारा वर्षं नवऱ्याबरोबर कोईमतूरला राहिल्या. तिथं शेजारच्या कापडाच्या कारखान्यात संगणकावर नोंदी करायला शिकल्या, तमिळही शिकल्या. मुलं मोठी व्हायला लागली तेव्हा मराठी शाळेसाठी त्यांना घेऊन इकडं आल्या. नवरा तिकडंच. सांगलीत दोन खोल्या भाड्यानं घेतलेल्या, आणि शनिवारी दुपारची एसटी धरून सासूकडं आटपाडीला.

"बारा वर्षं दुसऱ्याच्या मुलखात काढली, सर," एकदा त्यांनी सांगितलं होतं. "तितं कुणी काय सांगितलं, की मी लिवून घ्यायचे. भाषा कळायची न्हाई, म्हणून उच्चार लिवायचे. घरी जाऊन शेजारणीला वाचून दावायचे. ती हसायची. पण सांगायची."

ती सवय त्यांना कायमची लागली होती. स्क्रीनवर लाल अक्षरं आली की आम्ही सगळे प्रोग्रामर ती न वाचताच पुसतो आणि अंदाजानं काहीतरी बदलून पाहतो. छबूताई ती पहिल्या अक्षरापासून मोठ्यानं वाचायच्या. त्यांचं इंग्रजी आटपाडीच्या वळणाचं. अख्खं ऑफिस हसायचं. पण निम्म्या वेळा उत्तर त्या अक्षरांतच असायचं. नवी मुलं घाईनं खिडकी बंद करायला लागली, की त्या हात धरायच्या, "आरं, त्याची तक्रार काय हाय ती ऐकून तरी घे."

कंटेनर हा शब्द त्यांनी कुठं ऐकला ते मला आठवत नाही. बहुतेक नव्यानं आलेल्या एका मुलाकडून. त्यानं त्यांना समजावलं असावं: प्रोग्राम, त्याचा डेटाबेस, त्याला लागणाऱ्या सगळ्या बारीकसारीक गोष्टी एका बंद डब्यात भरायच्या आणि काय काय भरलं याची यादी एका फायलीत लिहायची. मग ती फाईल कुठल्याही लॅपटॉपवर नेली, की एका आज्ञेत तसाच्या तसा डबा तिथं तयार. ही गोष्ट मलाही माहीत होती. पण करायला वेळ नाही, असं मी साहेबांना दोन वर्षं सांगत होतो. छबूताईंनी ते दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत करायला घेतलं. बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी डाव्या हाताला, वही उजव्या हाताला, आणि समोर मोबाईलवर कुणीतरी समजावून सांगत असलेला व्हिडिओ, दर वाक्याला थांबवलेला.

कंटेनरला त्या डबाच म्हणायच्या. "डबे चढवले", "डबे उतरवले". महिन्याभरात सगळं ऑफिस तसं बोलायला लागलं.

एकदा साहेबांनी मिरजेच्या एका डॉक्टरांसमोर त्यांची ओळख करून दिली. कौतुकानंच म्हणाले, "या आमच्या मेटकरी मॅडम. मेंढपाळांच्या घरातल्या. बिऱ्हाड घोड्यावर लादून फिरायची सवय, म्हणून यांना हे कंटेनर चटकन कळले." डॉक्टर हसले. छबूताई हसल्या नाहीत. डॉक्टर गेल्यावर साहेबांच्या केबिनचं दार उघडून उभ्या राहिल्या.

"साहेब, माझा बा मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरायचा तवा मी चुलत्याकडं शाळेत होते. घोड्यावर मी कवा बसले न्हाई. मला डबे कळले ते मी चार महिने वाचलं म्हणून."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "चुकलं माझं," म्हणाले. साहेबांच्यात एवढं होतं. त्यानंतर ओळख करून देताना ते म्हणायचे, "या मेटकरी मॅडम. यांनी चार महिने वाचलं." समोरच्याला काही कळायचं नाही.

पण वाट सरळ नव्हती. माझ्याही मशीनवर त्यांनी डबे चढवून दिले होते. एका शुक्रवारी ते उतरवून परत चढवायचे होते. त्यांनी वहीतली आज्ञा पाहून टाईप केली. उतरवायच्या त्या आज्ञेपुढं वजाबाकीचं चिन्ह आणि एक अक्षर जादा लावलं, तर डब्यांबरोबर आतली साठवणही पुसली जाते. ते अक्षर वहीत होतं. कुठल्यातरी व्हिडिओतून आलेलं. मी एका रक्तपेढीला दाखवण्यासाठी दोन आठवडे खपून भरलेल्या नमुन्याच्या नोंदी तेवढ्यानं गेल्या.

त्यांना ते लगेच समजलं. लपवता आलं असतं. मी चहाला खाली गेलो होतो. मी वर आलो तेव्हा त्या ऑफिसच्या मधोमध उभ्या होत्या.

"सर, माझ्या हातनं गेलं. समदं."

मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. "फोन उचलायचं काम दिलंय ना तुम्हाला? तेवढं करा."

छबूताई "व्हय" म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या. तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी तो उचलला आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "नमस्कार, बोला."

सोमवारी त्या येणार नाहीत असं मला वाटलं होतं. मनातून तसं व्हावं असंही कुठंतरी वाटत असावं, म्हणजे माफी मागायला लागली नसती. त्या माझ्याआधी आलेल्या होत्या. म्हणाल्या, "सर, तुमचं मशीन चालू करा आन् डबे चढवा." मी चढवले. नोंदी जागच्या जागी. दीडशे रक्तदाते, नाव, गाव, वय, गट. शनिवार-रविवार आटपाडीला बसून त्यांनी त्या नव्यानं लिहून काढल्या होत्या, त्याही एका वेगळ्या फायलीत, डबा चढला की आपोआप भरल्या जातील अशा.

"आता कुणीबी पुसूंद्या. परत येतंय," त्या म्हणाल्या.

मी यादी खाली सरकवत गेलो. सगळी त्यांच्या गावची माणसं होती. सासू होती, चुलते होते, एसटीचा कंडक्टर होता. आणि मधेच एक नाव, सर्जा मेटकरी, वय वर्षं चार.

"हा कोण?"

"मेंढा हाय आमच्या दिराचा. माणसं संपली तवा घातला." आणि मग पदर तोंडाला लावून, हसू दाबत म्हणाल्या, "पर सर, प्रोग्रामनं त्येला हाकललं न्हाई. आपला प्रोग्राम चार वर्साच्याचं रक्त घेतोय."

खरंच घेत होता. वय तपासायचंच मी विसरलो होतो, नऊ वर्षं. अठराच्या आतला दाता नोंदवला जाऊ नये अशी दुरुस्ती मी त्याच दिवशी केली. माफी मात्र मागितली नाही. ती मागायला मला पुढं बरेच महिने लागले, आणि मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊंद्या. वहीत चूक होती ती होतीच."

या सगळ्यातून एक कागद तयार झाला. पाठपोट दोन पानं. कोऱ्या लॅपटॉपवर आमचा प्रोग्राम कसा उभा करायचा, त्याच्या पायऱ्या. छबूताईंचा त्याबाबत एकच हट्ट होता: नव्या माणसाला तोंडी मदत करायची नाही. तो कागद वाचून करील. तो जिथं अडेल तिथं कागद चुकलेला असेल, आणि त्यानं न लाजता तसं सांगायचं. शिव्या कागदाला, माणसाला नाहीत. मी एका ठिकाणी लिहिलं होतं, 'आता फक्त ही आज्ञा चालवा.' त्यांनी 'फक्त'वर काट मारली. "ज्याला येतंय त्येला फक्त. ज्याचं अडलंय त्यानं 'फक्त' वाचलं, की त्येला वाटतं आपुनच येडं."

कागद खरा का खोटा हे बघायला त्यांना कोरं मशीन आणि काहीच माहीत नसलेला माणूस हवा होता. माणूस त्यांनी निवडला तो थेट मालक. साळुंखे साहेबांनी पंधरा वर्षांत कोडला हात लावला नव्हता. एक जुना लॅपटॉप पुसून कोरा केला, साहेबांना बसवलं, हातात कागद दिला. आणि छबूताई शेजारच्या खुर्चीवर बसल्या, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

"हात का दाबले?" साहेबांनी विचारलं.

"म्होरं जातील म्हणून."

तिसऱ्या पायरीला साहेब अडकले. लाल अक्षरं आली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी तोंड उघडलं. छबूताई म्हणाल्या, "सर, तुमी भायेर जावा."

"मी?"

"व्हय. तुमी हितं हाय तवर साहेब कागद वाचणार न्हाईत."

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी ऑफिसातून बाहेर काढलं, आणि मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. आतून साहेबांचा आवाज ऐकू येत होता, ते लाल अक्षरं मोठ्यानं वाचत होते. कोऱ्या लॅपटॉपबरोबर आपोआप येणारा एक प्रोग्राम आमच्या प्रोग्रामच्या दारात, म्हणजे त्याच पोर्टवर, आधीच बसून होता, एवढीच अडचण होती. कागदात त्याचा उल्लेख नव्हता. छबूताईंनी तो घातला. लॅपटॉप परत कोरा केला. साहेब परत पहिल्या पायरीपासून. असं दोन दिवसांत चार वेळा झालं. चौथ्या वेळी कुणीही न सांगता आमच्या प्रोग्रामची निळी खिडकी उघडली. साहेबांनी बायकोला फोन लावला, "अगं, मी आज एक गोष्ट केली."

कागदाचं शेवटचं पान मात्र माझ्याकडून निघत नव्हतं. दुरुस्ती झाल्यावर ती खऱ्या सर्व्हरवर, म्हणजे जिथून सगळ्या पेढ्या आणि दवाखाने वापरतात तिथं, कशी चढवायची ते पान. ते काम मीच करायचो. आज देतो, उद्या देतो, असं करत मी ते तीन महिने लांबवलं. छबूताई रोज विचारायच्या, रागावायच्या नाहीत. शेवटी एक दिवस शेजारी येऊन बसल्या.

"सर, भ्या कशाचं वाटतंय?"

"भीती कसली?"

"मग लिवा की."

मी लिहिलं. लिहिताना खरंच भीती वाटत होती. सगळं कागदावर गेलं तर मी कशाला लागणार, अशी. हे त्यांना कळलं असावं, कारण पान घेताना त्या म्हणाल्या, "तुमची पोरगी कवा म्हंते का, बाबा सुट्टीत मशीन घेऊन येतो?"

म्हणायची. नेहमी म्हणायची.

माझी सासुरवाडी कोयनानगरची. सासरे धरणाच्या वसाहतीत नोकरीला होते, तिथंच राहिले. त्या वर्षी पावसाळ्यात आम्ही चार दिवसांसाठी गेलो. दुसऱ्या दिवशी घाटात दरड आली, रस्ता बंद, मग वीज गेली, मग मोबाईलला रेंज नाही. लॅपटॉप नेलेला होता. त्याचा उपयोग शून्य. तिथल्या लोकांना याचं काही नवल नाही. जमीन हलली तरी सासूबाई हातातली पोळी उलटून मग बाहेर येतात. मी मात्र दीड दिवस व्हरांड्यात फोन वर धरून फिरत होतो.

त्या दीड दिवसात ऑफिसात जे घडलं ते मला नंतर सगळ्यांकडून तुकड्या-तुकड्यानं कळलं.

एका तालुक्याच्या गावच्या रक्तपेढीतून सकाळी फोन आला, की नवा साठा भरूनही स्क्रीनवरचा आकडा वाढत नाही. जवळच्या दवाखान्यात एक बाई बाळंत झाली होती, रक्तस्राव थांबत नव्हता. तिच्या गटाची, बी निगेटिव्हची, एकच पिशवी स्क्रीनवर दिसत होती, म्हणून तिला तशीच मिरजेला हलवायची तयारी चालू होती. दीड तासाचा रस्ता. छबूताईंनी पेढीतल्या तंत्रज्ञाला विचारलं, "स्क्रीन ऱ्हाऊंद्या. फ्रीज उघडा. हातानं मोजा." त्यानं मोजल्या. नऊ पिशव्या होत्या. छबूताईंनी दुसऱ्या फोनवरून दवाखान्याला कळवलं. ती बाई हलवली गेली नाही. पहिली पिशवी दहा मिनिटांत तिथं पोचली.

पण ती स्क्रीन अकरा दवाखान्यांत तशीच खोटी दिसत होती. मी नाही. दुसरा अनुभवी प्रोग्रामर महिन्यापूर्वीच नोकरी सोडून पुण्याला गेलेला, बाकीची मुलं बाहेरगावच्या पेढ्यांत कामावर. राहिली होती ती आफरीन, मिरजेची, कॉलेजातून नुकतीच आलेली. तिचा तो तिसरा दिवस. लॅपटॉपसुद्धा आदल्या संध्याकाळी हातात पडलेला. ती सांगते, "मी म्हटलं, मॅडम, मला काहीच येत नाही. त्या म्हणाल्या, 'कागद वाचता येतो का?' म्हटलं, येतो. 'मग बस.'"

कोरा लॅपटॉप, दोन पानांचा कागद. पाऊण तासात आफरीनच्या मशीनवर आमचा प्रोग्राम उभा होता. पूर्वी नव्या माणसाचा यातच आठवडा जायचा. तिकडं छबूताईंनी अकराही दवाखान्यांना फोन करून सांगितलं, की स्क्रीनवर भरवसा ठेवू नका, पेढीला विचारा. मग त्या तंत्रज्ञाला फोनवर धरून नवाच्या नऊ पिशव्यांवरचे नंबर एकेक करून वाचायला लावले आणि ते आपल्या मशीनवर भरले. भरले नऊ, दिसली एक. नव्या पिशव्यांवरचा नंबर आधीपेक्षा लांब होता आणि आमचा प्रोग्राम शेवटचे आकडे गाळत होता. त्यामुळे नवांचा नंबर त्याला एकच वाटत होता. तो नंबर कापणारी ओळ मी लिहिलेली, फार पूर्वी. ती आफरीननं शोधली. दोन ओळींची दुरुस्ती. आधी तिच्या मशीनवर तपासली, मग छबूताईंच्या, मग साहेबांच्या त्या जुन्या लॅपटॉपवर. तिन्हीकडं नऊ. मग साहेबांनी माझं ते शेवटचं पान समोर ठेवलं, चष्मा पुसला, आणि दुरुस्ती सर्व्हरवर चढवली. आफरीन म्हणते, साहेब प्रत्येक पायरी मोठ्यानं वाचत होते आणि छबूताईंचे दोन्ही हात मांडीखाली होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोयनानगरला रेंज आली. फोन थरथरत राहिला. ऑफिसचे सतरा मिस्ड कॉल. मी पायरीवरच बसलो. मग खाली सगळ्यात शेवटी छबूताईंचा मेसेज होता. "झालं. सगळीकडे बरोबर दिसतंय. ती बाई आणि बाळ दोघंही बरी आहेत. तुम्ही जेवून या."

मेसेज त्या शुद्ध भाषेत लिहायच्या.

मी तो दोनदा वाचला. आधी सुटल्यासारखं वाटलं. मग, खोटं कशाला बोलू, आत कुठंतरी दुखलं, की माझ्यावाचून झालं. ते दुखणं किती वेळ होतं ते सांगता येणार नाही, कारण मुलगी येऊन म्हणाली, बाबा, धरणाचं पाणी सोडलंय, बघायला चला. मी गेलो. लॅपटॉप खोलीतच राहिला. पाण्याचा आवाज इतका होता, की ती काय बोलत होती ते मला तिच्या तोंडाकडं बघून ओळखावं लागत होतं. इतक्या वर्षांत मी तिच्याकडं इतका वेळ सलग पाहिलं नव्हतं.

पुढच्या वर्षी छबूताईंनी नोकरी सोडली नाही, पण सांगली सोडली. सासू थकली होती. साहेबांना त्यांनी सांगितलं, मी आटपाडीतनं काम करते, आणि तिथल्या आणखी तीन बायकांना शिकवते. तपासणीचं आणि फोनचं सगळं काम आमच्याकडं द्या. साहेबांनी फार विचार न करता होकार दिला. जाताना छबूताईंनी ती दोनशे पानी वही मला देऊ केली. मी म्हणालो, तुम्हालाच लागेल. त्या म्हणाल्या, "आता समदं फायलीत हाय. वही कशाला?" आणि ती आफरीनला दिली. तिनं लगेच घेतली.

मग आमचं भेटणं फोनवरच व्हायला लागलं. आटपाडीकडच्या बायका आमच्या प्रोग्राममधल्या चुका इतक्या बारकाईनं काढायच्या, की मी दुरुस्ती पाठवताना दोनदा तपासायला लागलो. त्यांतली एक टपाल खात्यातून निवृत्त झालेली, एक डाळिंबाच्या बागेत काम करणारी. छबूताई त्यांच्यावर कधी आवाज चढवतात का, असं मी एकदा त्या निवृत्त बाईंना फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या, "आमच्यावर न्हाई. मशीनवर."

गेल्या हिवाळ्यात मी एका मित्राच्या घरच्या लग्नाला आटपाडीला गेलो होतो. छबूताईंना कळवलं नव्हतं. म्हटलं, जेवण झाल्यावर अचानक जाऊ. मांडवातून बाहेर पडून बाजारपेठेतून चाललो होतो. आटपाडीचं ते कोरडं, स्वच्छ ऊन. रस्त्यावर बाजाराची गर्दी. तेवढ्यात मागून हॉर्न वाजला, एकसारखा, शिकाऊ माणूस वाजवतो तसा. मी बाजूला झालो.

स्कूटर छबूताई चालवत होत्या. पदर कमरेला खोचलेला, डोक्यावर हेल्मेट, मान पुढं काढलेली, नजर रस्त्यावर खिळलेली. मागं एक सावळा, चांगला उंच माणूस, हातापायांनी अवघडून बसलेला. त्याच्या मांडीवर नव्या मोठ्या स्क्रीनचं खोकं होतं आणि त्याला ते दोन्ही हातांनी धरायला लागत असल्यामुळं स्वतःला धरायला हात उरला नव्हता. नवरा कोईमतूरहून कायमचा परत आल्याचं छबूताईंनी फोनवर सांगितलं होतं, तो हाच असणार.

"सावकाश गं," तो म्हणत होता. "आगं, सावकाश!"

"खोकं धरा," छबूताई म्हणाल्या. "मी हाय की."

मी हाक मारायला हात वर केला होता. पण समोर एक ऊसतोडीचा ट्रॅक्टर आडवा आला होता आणि त्यांचं सगळं लक्ष त्याच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीकडं होतं. स्कूटर जरा डुगडुगली, नवऱ्यानं डोळे मिटले, आणि छबूताई त्या फटीतून नीट पलीकडं निघून गेल्या.